ट्रॅकवर चालवायच्या कारला मागची विंग बसवताना कोन किती ठेवावा?

कोनाआधी पाया पाहावा. डिकीच्या झाकणाचा पत्रा पातळ असल्यामुळे नुसते बोल्ट आवळले तर तो वेगात वाकतो. म्हणून आतून जाड धातूची पट्टी द्यावी किंवा, शक्य असल्यास, विंगचे आधार थेट चॅसीला (गाडीच्या मूळ सांगाड्याला) जोडावेत. विंगमुळे गाडीवर खालच्या दिशेने पडणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला जो दाब असतो त्याच्या चौपट २०० ला असतो. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोन्ही चालकांच्या लोटस गाड्यांच्या उंच विंग मोडून अपघात झाले होते, हे येथे आठवावे.

कोन मोजताना मागची कड पुढच्या कडेपेक्षा किती उंच आहे ते पाहावे. मात्र उतरत्या छतामागे हवा खाली वळून येत असल्याने हवा विंगला प्रत्यक्षात ज्या कोनात भिडते तो मोजलेल्या कोनापेक्षा वेगळा असतो. त्यामुळे अगदी कमी कोनापासून सुरुवात करून, एका वेळी एकेक अंश वाढवत, त्याच वेगवान वळणावर गाडीचे वर्तन तपासावे. कोन प्रमाणाबाहेर गेला की हवा पृष्ठभागापासून सुटते, दाब घटतो आणि हवेचा अवरोध तेवढा उरतो. पुढची चाके हलकी होऊन गाडी वळणाबाहेर सरकू लागली, तर कोन कमी करावा किंवा पुढच्या बंपरखाली स्प्लिटर (पुढे आलेली आडवी पट्टी) लावावा.