रोम जळत असताना सम्राट नीरो खरोखरच फिडल वाजवत बसला होता का?

नाही. मुळात फिडल हे वाद्यच त्या काळी अस्तित्वात नव्हते. नीरो वाजवत असे ते सिथारा नावाचे, अंगाशी धरून छेडायचे तंतुवाद्य. इ.स. 64 च्या जुलैमध्ये सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानालगतच्या दुकानांतून आग भडकली, तेव्हा तो रोमबाहेर अँटियम येथे होता, असे टॅसिटस हा इतिहासकार सांगतो; आणि टॅसिटसला नीरोविषयी यत्किंचितही प्रेम नव्हते, म्हणून ही साक्ष मला वजनदार वाटते. परतल्यावर नीरोने बेघर झालेल्यांसाठी स्वतःच्या बागा खुल्या केल्या, धान्याचे भाव उतरवले आणि पुढे रुंद रस्ते, उंचीची मर्यादा व प्रत्येक घराला स्वतंत्र भिंत असे बांधकामाचे नियम घालून दिले. शहराच्या 14 विभागांपैकी केवळ 4 विभाग शाबूत राहिले होते.

मग बदनामी कशामुळे? तो राजवाड्यात ट्रॉयच्या विनाशाचे गीत गात होता, अशी अफवा तेव्हाच पसरली होती. त्यातच जळालेल्या जागेवर त्याने ‘सुवर्णगृह’ हा अवाढव्य प्रासाद उभारला, तोही आवारात कृत्रिम तळे करून. साहजिकच लोकांचा संशय बळावला. आगीचा दोष त्याने ख्रिस्ती लोकांवर ढकलून त्यांचा अमानुष छळ केला, त्यामुळे त्याला निष्पाप ठरवण्याचे कारण नाही. पुढे सम्राट व्हेस्पेशियनने ते तळे बुजवून तेथेच कलोसियमचे बांधकाम सुरू केले, मात्र त्या वास्तूचे आजचे नाव जवळच्या नीरोच्या प्रचंड पुतळ्यावरूनच पडले असे मानतात.