धावत्या घोड्याचा फोटो: सेटिंग काय ठेवायचं?

ग्वाल्हेरच्या मेळ्यात घोडे टिपायला निघाला आहेस, तर आधी ऑटो मोड सोड आणि शटर प्रायॉरिटीवर ये, म्हणजे शटरची गती तू ठरवतोस, बाकी कॅमेरा बघतो. भरधाव घोड्याला १/१००० सेकंद ही किमान गती, ऊन चांगलं असेल तर १/१६०० लाव. दुडकी चाल असेल तर १/५०० पुरतं. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर टाक. जानेवारीत सकाळी धुकं असलं की तो ३२०० पर्यंत चढेल, चढू दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

फोकस कंटिन्युअसवर ठेव, म्हणजे घोडा हलेल तसा फोकसही हलतो. घोडा आडवा धावत असेल तर बिंदू डोक्यावर नको, खांद्यावर धर. डोकं सारखं वरखाली होतं. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ५.६ च्या आसपास असलं की डोळाही स्पष्ट येतो.

खरी गंमत क्षणात आहे. १८७८ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात रांगेने कॅमेरे लावून दाखवलं, की भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, तेही पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधीचे चित्रकार पाय पुढे-मागे ताणलेले दाखवायचे! तो क्षण हवा तर बर्स्ट (एकामागोमाग झटपट फोटो) लाव, पण टापांचा ताल ऐकून, छोट्या तुकड्यांत. नाहीतर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि नेमका फोटो हुकतो.

पांढरा घोडा गडद पार्श्वभूमीवर असेल तर एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, उणे ०.७ कर, नाहीतर अंगावरचे बारकावे उडतात. फ्लॅश बंद. आणि घोड्याच्या मागे उभा राहू नकोस, लेन्स कितीही लांबची असो.