मोती मिलानला रमेल का?

प्रश्न : लेकीला इटलीतल्या मिलानला नोकरी लागलीय, मोतीला सोबत न्यायचं म्हणते. मालवणात अंगणात मोकळा वाढलेला कुत्रा तिकडे फ्लॅटमध्ये राहील का हो?

उत्तर : राहील ताई, पण तयारी आत्तापासून करा. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी युरोपमान्य लॅबमध्ये लस लागू पडली का ते बघणारी रक्ताची टेस्ट, आणि ती चांगली आली तरी रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबावंच लागतं. इटलीत सोसायटीच्या नियमांनी पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही, २०१२ चा कायदाच आहे, तरी घरमालकाला आधी विचारा. मेट्रोत पट्टा आणि मझल (चावू नये म्हणून तोंडाला बांधायची जाळी) लागतं, त्याची सवय रोज किनाऱ्यावर फिरवताना लावा. मला काळजी एकटेपणाची वाटते, लेक ऑफिसला गेल्यावर दुपारी कोण फिरवणार ते आधी ठरवा.