एअरफिक्स गेली तर माझ्या कपाटातल्या डब्यांचं काय? : वाचक विचारतात

या वेळी गंमत झाली, प्लास्टिकच्या मॉडेल किटवर (डब्यातले सुटे पार्ट चिकटवून छोटं विमान, जहाज करायचं, ती) एकदम तीन पत्रं आली आणि तिन्ही कोकणातनं. पाऊस लागला की तिकडे माणसं काय करतात ते कळलं म्हणायचं. पहिलं पत्र लांबलचक होतं, थोडं कापलंय, राग नसावा.

प्रश्न : काका, नमस्कार. मी देवगडचा, वय ४७, हापूसची बाग आहे. आमचे बाबा बोटीवर होते, मी सहावीत असताना त्यांनी इंग्लंडातनं एअरफिक्स कंपनीच्या किटचं छोटं स्पिटफायर विमान आणलं, ते मी फेविकॉलने चिकटवलं आणि दोन दिवसांत पंख गळून पडले, पण नाद लागला तो लागलाच. आंबा संपला की जून ते गणपती माझा हाच उद्योग. कपाटात न उघडलेले साठेक डबे आहेत (बायको मोजते, मी मोजत नाही). आता वाचतोय की एअरफिक्सची मालक हॉर्नबी तोट्यात आहे, २०२५ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातनंही बाहेर पडली. एक मित्र म्हणतो मिळेल तेवढं आत्ताच उचल, कंपनी बंद झाली की दुप्पट भाव येईल. दुसरा म्हणतो आहे ते विकून मोकळा हो. मला पैशाचं एवढं नाही, पण बाबांची आठवण आहे हो ती, जीव खालीवर होतो. पुढे काय होईल?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : देवगडकर, एअरफिक्स मरणार का म्हणून विचारताय, पण ती आधीच दोनदा मेलीय आणि तरी तुम्ही तिची विमानं चिकटवताय!

ही कंपनी १९३९ ची. हंगेरीतनं आलेल्या निकोलस कोव्ह नावाच्या माणसाने काढली आणि सुरुवातीचा माल म्हणजे हवा भरायची रबरी खेळणी, मग कंगवे. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांना गिऱ्हाइकाला दाखवायला छोटा ट्रॅक्टर हवा होता तो यांनी करून दिला, १९५२ मध्ये गोल्डन हाइंड जहाज पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला विकायला ठेवलं, पुढच्या वर्षी स्पिटफायर, आणि मग गाडी सुटलीच. १९८१ मध्ये मूळ ग्रुप दिवाळखोरीत गेला. घेतलं कोणी, तर जनरल मिल्सने, म्हणजे सकाळच्या नाश्त्याचं सीरियल विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने! त्यांनी साचे उचलून फ्रान्सला कॅलेमध्ये नेले. १९८६ मध्ये एअरफिक्स रंगवाल्या हम्ब्रोलकडे आली, आणि ३१ ऑगस्ट २००६ ला हल गावातली ती हम्ब्रोलच बसली. त्यात मोठं कारण हे की एअरफिक्सचे पार्ट साच्यातनं काढून देणारी फ्रान्सची हेलर कंपनी आधी अडकली, मग डब्यात भरायला प्लास्टिकच येईना. आता संपलं म्हणून लोक हळहळले, आणि नोव्हेंबरात हॉर्नबीने एअरफिक्स आणि हम्ब्रोल मिळून २६ लाख पौंडांना घेऊन टाकलं.

हे असं का होतं? तुमच्याकडे गणपतीची शाळा असते ना, नागपंचमीच्या सुमाराला पाट नेऊन देता ती. समजा एखाद्या शाळेतला म्हातारा गेला, पोरं मुंबईला, शाळा बंद. साचे कोणी समुद्रात टाकतं का? पलीकडच्या वाडीतला येऊन घेऊन जातो आणि पुढल्या वर्षी तोच गणपती, तीच सोंड, तोच उंदीर, दुसऱ्याच्या पाटावर बसलेला दिसतो. किटचंही तेच आहे. एका विमानाचा स्टीलचा साचा म्हणजे एकट्या माणसाला हलणार नाही असं धूड, करायला खर्च बेसुमार, पण एकदा झाला की त्यात वितळलेलं पॉलिस्टायरिन दाबून वर्षानुवर्षं माल काढता येतो. त्यामुळे कंपनी बुडाली की देणी फेडायला विकण्यासारखं जे पहिलं दिसतं ते म्हणजे साचे आणि डब्यावरचं नाव.

इंग्लंडची फ्रॉग कंपनी सत्तरच्या दशकात बंद पडली तेव्हा तिचे बरेच साचे सोव्हिएत युनियनला गेले आणि नोव्हो नावाने किट यायला लागली. पण जर्मन आणि जपानी विमानं तिकडे नको होती, ते साचे रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीकडे गेले. दुसरं महायुद्ध संपून तीस वर्षं झालेली, राग प्लास्टिकपर्यंत टिकलेला! खुद्द रेव्हेलची मालक हॉबिको जानेवारी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, एप्रिलपर्यंत म्युनिकच्या गुंतवणूकदारांनी रेव्हेल घेतली, आज दुकानात बघा, डबे आहेत.

तेव्हा माझा अंदाज विचाराल तर हॉर्नबीचं काहीही होवो, ते लाल गोलातलं नाव आणि ते साचे कोणीतरी घेणारच. लॉकडाऊनमध्ये लोक घरात बसून किट करायला लागले तेव्हा हॉर्नबीला चार पैसे दिसले, मग परत तोटा, म्हणजे गिऱ्हाईक अगदीच नाही असं नाही, पण कारखाना, गोदाम, पगार सगळं त्यावर चालेल एवढं रोजचं नाही. काळजी कराल तर नव्या साच्यांची करा. ओढाताण असलेला मालक जुनेच साचे परत परत मारतो, साचा झिजला की पार्टच्या कडेला पापुद्रा येतो ज्याला फ्लॅश म्हणतात, तो खरवडत बसायचं. आणि नवीन विमान कागदावर काढणारी जी चार माणसं असतात ती साच्याबरोबर विकत मिळत नाहीत, ती एकदा पांगली की पांगली.

दुप्पट भावाचं मात्र डोक्यातनं काढा. जुना डबा दुर्मिळ म्हणून तुम्ही चौपट पैसे मोजता आणि नव्या मालकाने तोच साचा बाहेर काढून परत माल मारला की तुमचा भाव खाली. शिवाय तुम्ही आंबेवाले, माल अढीत किती दिवस ठेवायचा ते तुम्हाला मी काय सांगू. प्लास्टिक टिकतं हो, डिकल (पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची छापील चिन्हं आणि आकडे) टिकत नाहीत. माझ्याकडे एक डबा वीस वर्षं जपून ठेवलेला होता, मागच्या पावसात मोठ्या थाटात उघडला, डिकलची शीट पिवळी पडलेली होती, म्हटलं असू दे, बशीत कोमट पाणी घेतलं, शीटवरनं कापलेलं राउंडेल, म्हणजे पंखावरचं गोल चिन्ह, त्यात सोडलं, ते कागदावरनं सुटलं आणि ब्रशने सरकवायला गेलो तर भिजलेल्या पापडासारखे त्याचे पाच तुकडे. अर्धा तास नुसता बघत बसलो. तेव्हा तुमच्या साठ डब्यांतनं डिकल आधी बाहेर काढा, झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा, तुमच्याकडची खारी दमट हवा त्यांची वैरीण आहे. पिवळी झालेली असली तर काचेच्या खिडकीला आतनं चिकटवून थोडे दिवस ऊन दाखवा, पिवळेपणा बराच उतरतो (अर्थात ऑक्टोबरात, जुलैत ऊन कुठलं). आणि लावण्याआधी नको असलेला एखादा आकडा पाण्यात टाकून बघा, तुटला तर सगळ्या शीटवर क्लिअर लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) हात मारून मग एकेक कापून घ्या.

दुसरं, प्रत्येक डबा उघडून पार्ट मोजून घ्या. हरवलेला पार्ट कंपनीकडनं मागवता येतो तो कंपनी चालू आहे तोवर, मालक बदलायच्या गडबडीत तुमच्या एका चाकासाठी कोण बसलंय.

आणि आपल्याकडे किट महाग होण्याचं कारण हॉर्नबीच्या मार्गेटच्या ऑफिसात शोधू नका. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरनं ६० झाली, २०२३ मध्ये ७०, आणि ही किटंही कस्टमच्या लेखी खेळणीच. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे सरकारी दर्जाचा, शिक्का सक्तीचा झाला. चायनाच्या फालतू खेळण्यांना आळा बसावा म्हणून केलं ते ठीकच, पण त्यात आपलं सुक्याबरोबर ओलं जळालं, किट आणणारा छोटा दुकानदार एवढ्या भानगडीत कशाला पडेल. मजा बघा, मधली काही वर्षं एअरफिक्सच्या कितीतरी डब्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असायचं, पार्ट आपल्याच देशात ओतलेले, आणि आपण मात्र ते इंग्लंडातनं येतील म्हणून वाट बघत बसायचो.

म्हणून एकही डबा घाबरून घेऊ नका. नवीन घेतलात तर कपाटातला एक आधी उघडायचा असा नियम ठेवा, वहिनीसुद्धा मोजायचं बंद करतील. बाबांनी आणलेल्या स्पिटफायरचे ते गळलेले पंख कुठे आहेत हो? असतील तर आता नीट पॉली सिमेंटने (प्लास्टिक विरघळवून जोडणारा मॉडेलचा गोंद) लावा, आधी जुना फेविकॉल गरम पाण्यात सोडवून घ्या.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे, शाळेत फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखोंवर प्रोजेक्ट करतोय. त्यांचं नॅट विमान म्हणून ह्यांनी पुण्याहून एअरफिक्सचं नॅट आणलं, ते डब्यावर लाल रंगाचं आहे. त्यालाच आपला रंग दिला तर चालेल ना? आणि चिकटवायला फेविक्विक चालतं का?
— एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, रंगाने काम होणार नाही. सेखों १९७१ मध्ये श्रीनगरच्या तळावरनं लढले आणि हवाई दलातले परमवीर चक्र मिळालेले ते एकटेच, ते ज्यात होते ते नॅट एका सीटचं लढाऊ विमान. एअरफिक्सचं आहे ते दोन सीटचं ट्रेनर, इंग्लंडच्या रेड ॲरोज कसरतवाल्यांचं, म्हणून लाल. त्याचं नाक लांब, काच लांब, पंखही वेगळे, त्यामुळे कोणी जाणकार सर बघायला आले तर पहिल्या नजरेत ओळखतील. मी तुमच्या जागी असतो तर ते लालच करू दिलं असतं आणि शेजारी पाटी लावली असती की हे त्याच घराण्यातलं ट्रेनर, सेखोंचं विमान एका सीटचं होतं. चूक लपवण्यापेक्षा हे सांगणारं पोरगं सरांना जास्त आवडेल.

फेविक्विक नको. एक तर बोटं चिकटतात, आणि त्याच्या वाफेने कॉकपिटची काच आतनं पांढरी पडते ती सहजी साफ होत नाही. बाकीच्या पार्टना प्लास्टिक मॉडेलचं सिमेंट घ्या, तुम्ही खिडकी उघडून शेजारी बसा, काचेला मात्र साधा पांढरा फेविकॉल थेंबभर लावायला सांगा, वाळला की पारदर्शक होतो. देवगडच्या काकांचा फेविकॉल चुकला नव्हता, जागा चुकली होती.

प्रश्न : स्प्रेने लॅकर मारलं की गुहागरला पावसात रंगावर पांढरी धुरकट साय येते. रंग खराब निघाला का? दुकानदार परत घेत नाही.
— विद्यार्थी, गुहागर

उत्तर : दुकानदाराशी भांडू नकोस रे, रंग बरा आहे. लॅकरमधला थिनर झटकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं, ती साय त्याची. मुसळधार पावसात मारूच नको, उघडीप असेल त्या दुपारी मार, हात पातळ ठेव, आणि लवकर न उडणारा थिनर मिळाला तर तो वापर. आलेली साय बऱ्याचदा त्याच थिनरचा हलका फवारा मारला की जाते. गावातल्या गणपतीच्या शाळेत जो कॉम्प्रेसरवर रंग मारतो त्याला विचार, दमट हवेत गन कशी धरायची ते त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. फक्त श्रावणात जाऊ नको, हाकलून देईल.