दम लागणं वेगळं, दमा उठणं वेगळं

अरे बाळा,

परवा तुझी आई फोनवर सांगत होती की तू बॅडमिंटन सोडलंस, रॅकेटसुद्धा देऊन टाकलीस, का तर मागच्या महिन्यात खेळून घरी येताना रिक्षात छाती भरून आली आणि तू घाबरलास. 26 वर्षांचा आहेस रे. डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

एकच सांगते आणि परत परत सांगणार, दम लागणं वेगळं, दमा उठणं वेगळं. मला हे कळेपर्यंत चाळिशी उलटली. शाळेत पीटीच्या तासाला चिठ्ठी देऊन मी बाकावर बसायचे, मुली लंगडी खेळायच्या नि मी त्यांची दप्तरं सांभाळायचे. आईनं ती चिठ्ठी मायेनंच लिहिली होती, पण त्या बाकावरून मी पुढं 30 वर्षं उठलेच नाही. जिना चढला की धाप, धाप लागली की वाटायचं आता अटॅक येणार, मग चालणं अजून कमी, मग अजून लवकर धाप. सगळा दोष दम्याचा नव्हता, अंगाची सवयच गेली होती.

आता नीट वाच. चढताना लागलेली साधी धाप थांबलं की दोन-चार मिनिटांत उतरायला लागते. दमा उलटा, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी जास्त जोर करतो, खोकला, छातीत शिट्टी, आवळल्यासारखं. रिक्षात तुला झालं ते हेच. भराभर तोंडानं श्वास घेतला की श्वासनळ्या आतून कोरड्या पडतात, गार पडतात नि आवळतात. म्हणून आधी 10-15 मिनिटं हळूहळू अंग गरम करायचं, तू थेट स्मॅश मारायला उतरतोस हे मी डोळ्यांनी बघितलंय! आणि थंडीत पहाटे पाचोळ्याचा धूर असतो तेव्हा बाहेर पडायचंच नाही.

पण मला खरा राग आलाय तो पंपाचा. बरं वाटतंय म्हणून श्वासनळ्यांची सूज दाबून ठेवणारा रोजचा स्टिरॉइडचा पंप तूच बंद केलास, सवय लागते म्हणे, आणि बदनाम केलंस बॅडमिंटनला. ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ, तिला लहानपणापासून दमा, तिनं 2003 साली लंडनची मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मारली, ती औषध घेऊन पळायची, टाळून नाही.

तुझे काका अजून म्हणतात मी पर्वती चढायची घाई केली. अजिबात नाही. डॉक्टरांना विचारून गेले होते, पहिला महिना फक्त 20 पायऱ्या, मग बसायचं, धाप उतरायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं. एकदा मध्येच छाती आवळली, लगेच आराम देणारा पंप घेतला, बसून राहिले, पुढच्या आठवड्यात परत गेले, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. पण मी चुकले नव्हते. आज 103 पायऱ्या चढते.

हट्ट कुठं करायचा नाही तेही ऐक, लगेच आराम देणारा पंप घेऊनही उतरत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल तर सरळ हॉस्पिटल.

शनिवारी डॉक्टरांकडे जा, पंप कसा ओढतोस ते त्यांना करून दाखव, खेळायच्या आधी कुठला घ्यायचा विचार. त्यांनी हो म्हटलं की रविवारी साडेआठला पर्वतीच्या पायथ्याशी ये. विसाव्या पायरीवर बसू, घड्याळ तू लावायचं.

मावशी