वडिलांचे ठोके अनियमित निघाले, चहा-तंबाखू सोडल्याने फरक पडेल का?

पडेल, पण चहाआधी तंबाखूकडे बघा. तुम्ही निपाणीचे, वडिलांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडणं) निघालंय आणि घरात भांडण मात्र चहावरून चाललंय. दिवसाला दोन-तीन कप चहाने बहुतेकांचे ठोके बिघडत नाहीत. निकोटीनने नाडी आणि बीपी दोन्ही चढतात, मग ती बिडी असो की गालात धरलेली चुना-तंबाखूची चिमूट. ज्याचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं त्याला हे पटवणं अवघड, मान्य आहे.

मग दारू. एरवी न पिणारा माणूस यात्रेत किंवा हळदीच्या रात्री भरपूर पितो आणि सकाळी धडधड घेऊन दवाखाना गाठतो. डॉक्टर याला ‘हॉलिडे हार्ट’ म्हणतात. हा त्रास असताना दारू पूर्ण सोडली, तर तो पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण घटतं.

तांबड्या रश्श्यातल्या तिखटाला उगाच दोष देतात. खरी अडचण मिठाची: लोणचं, पापड, खारा सुकट. त्याने बीपी वाढतं. वजन जास्त असेल तर १० टक्के उतरवून बघा, फरक जाणवतो. ते जोरात घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हेही डॉक्टरांना सांगा.

वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मेथी-पालक बंद नको, रोज साधारण सारखं प्रमाण ठेवा. अशी कुठलीही रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने सोडू नका, गुठळी होऊन लकवा होऊ शकतो. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच मोठा दवाखाना गाठा. तुम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडेल.