थायरॉइडला माफी, मग दम्याला का नाही?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये असतो, मी ४६ वर्षांची, दोघांची नोकरी आहे. लहानपणापासून दमा आहे, दर महिन्याला दोन पंप आणि बीपीची एक गोळी लागते, केमिस्टकडे प्रत्येकाचे ९.९० पाउंड मोजते. माझ्या जावेला थायरॉइड कमी आहे तर तिला सगळंच फुकट, परवा घसा धरला तर ते अँटिबायोटिकसुद्धा! दमा काय जन्मभराचा नाही का? डॉक्टरांनी लिहून दिलं तर माफी मिळेल का?

उत्तर : नाही हो, डॉक्टरांच्या हातातच नाहीये ते. औषधांचे पैसे माफ असलेल्या आजारांची ही यादी १९६८ ची आहे, नंतर भर पडली ती २००९ मध्ये कॅन्सरची. १९६८ मध्ये धरले ते असे आजार जे नेमके ओळखता येतात, कायमचे असतात आणि औषध बंद केलं तर जिवावर बेततं, म्हणून इन्सुलिनवाले, थायरॉइडवाले, फिट्सवाले आत आले आणि दमेकरी बाहेर राहिले. सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांचा जन्मजात आजारसुद्धा बाहेरच, कारण तेव्हा ती मुलं मोठी होईपर्यंत जगायचीच नाहीत, आता जगतात आणि पैसे भरतात. या माफीचा विचार करायला सरकारनेच नेमलेले डॉक्टर, प्रोफेसर इयन गिलमोर, यांचा रिपोर्ट आला २०१० मध्ये, त्यात स्पष्ट म्हटलंय की सगळ्याच दीर्घ आजारांना माफी द्या, पण सरकारने ते केलं नाही. गंमत म्हणजे वेल्समध्ये २००७ पासून, स्कॉटलंडमध्ये २०११ पासून कोणालाच पैसे पडत नाहीत. तुमचा राग रास्तच आहे.

पण तुम्ही उगाच जास्त भरताय असं मला वाटतं. तीन आयटम म्हणजे महिना २९.७०, वर्षाचे ३५६ च्या वर! त्यापेक्षा प्रीपेमेंट सर्टिफिकेट, म्हणजे औषधांचे ठरावीक पैसे आधीच भरायचा पास, काढा, २०२५ च्या दराने वर्षाला ११४.५० पाउंड, मग कितीही औषधं घ्या, आणि एकदम द्यायचे नसतील तर दहा हप्त्यांत ११.४५ प्रमाणे कापून जातात. वर्षाला बारा आयटम झाले की ते परवडतंच, तुमचे तर छत्तीस होतात. ऑनलाइन निघतं, आजच काढा.

आणि हो, जाऊबाईंना सांगा त्यांच्या माफीच्या कार्डावरची तारीख बघायला, ते पाच वर्षांनी संपतं, आणि संपलेल्या कार्डावर औषधं घेतली तर वर दंडाची नोटीस येते.